मांजरपाटावरचा पूल

हिंदूराव नलवड्यानं मनोहरचा उजवा हात माझ्या रंग वाटायच्या पाट्यावर दाबला, शेजारी उसाचा कोयता ठेवला आणि मला विचारलं, "पेंटर, ही बाग कुठं हाय सांग."

मी नुकताच जेवून भिंतीला टेकलो होतो. डुलकी लागायच्या बेतात होती आणि डोळे उघडले तर समोर हे. मनोहरचं तोंड फुटलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. अख्ख्या गडहिंग्लजमध्ये सगळ्यात कडक इस्त्री ज्याच्या शर्टाला असायची, त्याच्या शर्टाची एक बाही खांद्यापासून गायब होती. बाजारपेठेतल्या त्याच्या शिलाईच्या दुकानापासून माझ्या शेडपर्यंत त्याला फरपटत आणलं होतं आणि वाटेत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. करणार कोण? हिंदूराव म्हणजे शेजारच्या गावचा गुऱ्हाळवाला, एके काळचा पैलवान. दोन्ही कान मोडलेले, मान बैलाची. चौऱ्याहत्तर साली आमच्या भागात त्याच्या वाटेला जाणारा माणूस जन्मला नव्हता.

"कुठली बाग?" मी विचारलं.

त्यानं बंडीच्या खिशातून दोन फोटो काढून माझ्या अंगावर टाकले. एकात त्याची बहीण शालन, एकात मनोहर. दोघांच्या मागं तीच बाग. पाणी, पाण्यावर तरंगणारी पानं, वरून खाली आलेल्या झाडांच्या फांद्या आणि फोटोच्या कडेपर्यंत गेलेला एक वाकडा लाकडी पूल.

"शालनच्या ट्रंकंत घावलं काल. साड्यांच्या तळाला," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "दिवाळीत ती मामाकडं बेळगावला म्हणून चार दिस गेलती. त्याच टायमाला हे शिंपडं दुकान बंद करून कापड आणाय गेलतं. आमच्या गावचं मास्तर म्हणत्यात, ही बाग म्हैसूरकडची. म्हैसूरला जायाचं म्हंजे मुक्काम आला."

मुक्काम म्हणताना त्यानं मनोहरच्या मनगटावर गुडघा रोवला. मनोहर कण्हला.

"हिंदूराव, ती बाग न्हाई," मी म्हणालो. "पडदा हाय. मी रंगवलेला."

"ह्योबी सकाळधरनं त्येच म्हणतोय. मार खातोय आनि पडदा पडदा करतोय. मला काय येडा समजता काय रं दोघं? मगदूमाच्या स्टुडिओतला पडदा बगितलाय मी. जिना हाय, मोर हाय, कापडाला चुण्या पडलेल्या दिसत्यात. ह्यात पाणी हाय. खरं पाणी." त्यानं कोयता उचलला आणि त्याचं पातं मनोहरच्या करंगळीवर टेकवलं. "बाग कुठली ते सांग. न्हाईतर एक-एक बोट काढतो. मगदूम तर स्टुडिओला कुलूप घालून सांगलीला गेलाय. तुलाच सांगाय लागंल."

खरं सांगू का? मी घाबरून पाणी-पाणी झालो होतो, पण तेवढ्यातही कुठंतरी मला बरं वाटलं. माझा पडदा बघून एक माणूस खऱ्या पाण्याची शपथ घेत होता. माझी ही खोड जन्माची आहे आणि त्या दिवशी ती मनोहरला भोवली.

तर त्या पडद्याची हकीकत अशी. मी केरबा जिनगर, नाटकांचे आणि फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवणारा. मांजरपाटाचं कोरं जाडं कापड ताणायचं, पूड रंग सरसात कालवायचे आणि राजवाडा म्हटलं की राजवाडा, ताजमहाल म्हटलं की ताजमहाल. प्रत्येक वीट, प्रत्येक पान रेखून काढायची आमची रीत. मग एकदा ताप आला म्हणून डॉक्टर हेर्लेकरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं भिंतीवर परदेशी कॅलेंडर. त्याच्यावर हा पूल. पाण्यावर हिरवा लाकडी पूल, आणि बाकी सगळं नुसते फटकारे. जवळ जाऊन बघितलं तर काही नाही, रंगाचा चिखल. बाकावर येऊन बसलो की बाग. मी तीन वेळा उठलो, तीन वेळा बसलो. डॉक्टर म्हणाले, "फ्रान्सचा कोण म्हातारा होता. घरामागं तळं केलं आणि तेच आयुष्यभर रंगवत बसला." माझा ताप तिथंच उतरला म्हणा ना. डॉक्टरांच्या मागं लागून ते पान फाडून घेतलं आणि दहा बाय बाराच्या मांजरपाटावर तो पूल उठवायला घेतला. एकही पान रेखलं नाही. नुसते फटकारे मारत गेलो.

मगदूममामांनी पडदा बघून कपाळावर हात मारला. "केरबा, हे शेवाळ कशाला आणलंस माझ्या स्टुडिओत?" पण पहिला फोटो काढला आणि धुवायच्या ट्रेमधून कागद वर आला तेव्हा मामा डार्करूममधून तसेच ओल्या हातांनी पळत बाहेर आले. काळ्यापांढऱ्या फोटोत सगळे फटकारे विरघळून गेले होते. पुढं माणूस स्वच्छ आणि मागं धूसर बाग. कॅमेऱ्यातून खरी बाग दिसते तशीच. रेखलेला पडदा फोटोत पडदाच दिसतो, हा दिसत नव्हता. मग काय, दाखवायच्या पोरींचे फोटो त्याच्यापुढंच निघायला लागले. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी कुठल्या बागेत गेली होती, तर आईबाप गप्प बसून हसायचे. पडदा आहे असं कुणीच सांगत नव्हतं. सगळ्यांचाच त्यात फायदा होता.

हिंदूरावाच्या गावापर्यंत ही गंमत पोचली नव्हती. फोटो ज्या पुठ्ठ्यावर चिकटवतात त्याच्यावर मामांचा शिक्का असायचा, पण ह्या दोन फोटोंचे पुठ्ठे काढून टाकलेले होते.

"पडदा हितंच हाय," मी म्हणालो. "खालची कड उंदरांनी कुरतडली म्हणून दुरुस्तीला आलाय. दाखवतो."

"दाखव."

मी आढ्याकडं बघितलं. पडदा बांबूला गुंडाळून वर टांगलेला होता. तो खाली सोडायला माझा हात धजत नव्हता. का, ते पुढं सांगतो. पण मनोहरच्या करंगळीतून रक्ताची एक रेघ पाट्यावरच्या हिरव्या रंगात उतरली होती, म्हणून मी स्टुलावर चढलो आणि दोरी सोडली.

पडदा सळसळत खाली आला. हिंदूरावानं मनोहरच्या मानेला धरून त्याला उठवलं आणि पडद्यापुढं नेऊन उभा राहिला. माझी शेड ती केवढी. जेमतेम चार फुटांवरून तो बघत होता. हिरवे-निळे फराटे, पांढरे ठिपके, कुठं पेवडीचा पिवळा डाग. त्यानं फोटो बघितला, पडदा बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"ही बाग?"

"व्हय."

"ह्यो पूल?"

"हितं बगा, ही कमान..."

पुढचं मला बोलता आलं नाही. कोयत्याची मूठ माझ्या जबड्यावर बसली होती. मी रंगाच्या डब्यांवर कोसळलो, सरसाचं पातेलं अंगावर उलटलं. उठायच्या आत त्यानं पोटात लाथ घातली. जेवलेलं सगळं बाहेर आलं.

"पोतेऱ्याला बाग म्हणतोस?" तो म्हणाला. "मला पोतेरं दाखवतोस?" आणि त्यानं कोयता फिरवला. पडदा वरच्या कोपऱ्यापासून हातभर फाटला. तो आवाज मला जबड्यावरच्या फटक्यापेक्षा जास्त लागला. मग तो मनोहरकडं वळला. त्याचं डोकं धरून त्यानं शेडच्या खांबावर दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं. मनोहर खाली बसायला लागला तर केस धरून त्याला उभं केलं आणि पुन्हा त्याचा हात पाट्यावर आणला.

"लांबनं बगा," मी ओरडलो. तोंडात रक्त होतं, शब्द फुटत नव्हता. "हिंदूराव, लांबनं बगायचं असतंय ते. रस्त्याच्या पल्याड जावा. चिंचंखाली. आईची आन, मग बोटं तोडा, माझीबी तोडा, पण एकदा लांबनं बगा."

तो थांबला. का थांबला कोण जाणे. आईची आन ऐकली म्हणून असेल. मी रांगत जाऊन शेडचं मोठं दार सताड उघडलं. तो मनोहरला काखेत मारून उलट्या पावलांनी निघाला, नजर माझ्यावर. गटार ओलांडली, रस्ता ओलांडला, चिंचेच्या बुंध्याला पाठ लागली तेव्हा त्यानं वर बघितलं.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आधी ते तसंच राहिलं. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या एक-एक करून गेल्या आणि जबडा खाली आला. त्यानं मनोहरला सोडून दिलं. मनोहर मातीत बसला.

"आयला," हिंदूराव म्हणाला.

दोन पावलं पुढं आला, बाग गेली. दोन पावलं मागं गेला, बाग आली. मी दवाखान्यात केलं होतं अगदी तेच तो कोयता हातात घेऊन करत होता. मग तो चिंचेखाली मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काल रात्री मी शालनला चाबकानं मारलं," तो हातांच्या आतून बोलला. "बैलाच्या चाबकानं. म्हैसूरला कधी गेलतीस, कुणासंगं गेलतीस. ती म्हणती, दादा, म्हैसूर कुठं हाय मला ठावं न्हाई. पाठ सोलली तिची, पेंटर. खोलीत कोंडलंय. आज सकाळी विळा पाजळून ठेवलाय घरात, तिच्यासाठी. हितनं जाऊन..."

म्हणजे प्रश्न नुसता मनोहरच्या बोटांचा नव्हता. बाग खरी ठरली असती तर संध्याकाळपर्यंत पोरगी मेली असती.

तो उठला, मनोहरला त्यानं बगलेत हात घालून उठवलं, शेडमध्ये आणून माझ्या स्टुलावर बसवलं. माझ्या माठातलं पाणी आणून त्याला पाजलं. "शिंपीबुवा, चूक झाली," एवढंच म्हणाला. मनोहरनं मान हलवली. मी भिंतीला धरून उभा होतो. सुटलो, असं मनात म्हटलं. तो आता गेला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण तो गेला नाही. त्याला नवल वाटलं होतं. एवढा आडदांड माणूस, पण पडद्यापुढं जाऊन शालन कुठं उभी होती ते शोधायला लागला. "हितं बग, कमानीच्या ह्या अंगाला शालन. आनि ह्यो त्या अंगाला." दोन्ही फोटो त्यानं माझ्या टेबलावर ठेवले, मधल्या पुलाची जागा पडद्यावर बोटानं दाखवत. "पेंटर, ह्याच्या कडा का रं कापल्यात? मगदूमाच्या फोटोला पांढरी पट्टी असती की चारी बाजूंनी."

मी म्हणालो, "ट्रंकंत बसत नसंल."

"पोस्टकार्डाएवढा फोटो बसत न्हाई?" तो सहज म्हणाला, आणि सहजच त्यानं एक फोटो दुसऱ्याकडं सरकवला.

कड कडेला लागली आणि पूल जुळला.

आता सांगतो ते मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मनोहरचं आणि शालनचं खरंच होतं. दोन वर्षं होतं. ती आत्याबरोबर पोलकी शिवायला टाकायला यायची. मापाला जुनं पोलकं आणून द्यायची, त्यामुळं दोन वर्षांत ह्या बाबानं तिच्या मनगटालाही बोट लावलेलं नव्हतं. बोलणं काय, तर बाही केवढी ठेवू आणि हुक मागं का पुढं. तेवढ्यावर दोघं जगत होती. लग्न होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. मनोहर एकदा मला म्हणाला, "केरबा, एक फोटो पाहिजे दोघांचा. म्हातारपणी बघायला." मगदूममामा दोघांना एकत्र उभं करणं शक्यच नव्हतं, दुसऱ्या दिवशी स्टुडिओ जाळला असता कुणीतरी. मग मी म्हणालो, "तिचा हात धरायचाय ना तुला? मी धरून देतो. तू तिकडं, ती इकडं, शिवायचंसुद्धा नाही."

स्टुडिओत मी पडद्यापुढं ठेवायला लाकडाचा एक कठडा करून दिला होता, पुलाच्याच हिरव्या रंगाचा. त्यावर हात ठेवून माणूस उभा राहायचा. मी जमिनीवर खडूनं खुणा केल्या. कॅमेऱ्याची खूण, कठड्याची खूण, उंचीचा हिशेब. एका दिवशी शालन आत्याबरोबर आली तेव्हा मी पडद्याला रंगाचा हात मारायच्या निमित्तानं तिथं होतो. तिला मीच सांगितलं, "ताई, हात अस्सा पुढं, अजून थोडा, फोटोच्या कडेपर्यंत." आठ दिवसांनी मनोहरला तसाच उभा केला, दुसऱ्या बाजूनं. मामांना पत्ताच लागू दिला नाही. फोटो आले तेव्हा मी स्वतः ब्लेडनं कडा कापल्या आणि दोन्ही एकमेकांना लावून मनोहरला दाखवले. कमान बरोबर मध्यावर जुळली होती आणि तिची बोटं त्याच्या बोटांत होती. मनोहर रडला. मी खूश. वाटलं, त्या फ्रान्सच्या म्हाताऱ्याला हे सुचलं नसतं. पडद्यापुढं ते दोन फोटो कुणी शेजारी धरले तर ही जोड दिसेल, म्हणूनच तो खाली सोडायला माझा हात धजत नव्हता.

टेबलावर आता तेच होतं. हिंदूराव वाकून बघत राहिला. शालन मनोहरकडं बघत होती, मनोहर शालनकडं, आणि त्यांचे हात एकमेकांत.

बाहेर रस्त्यावरून उसाची एक गाडी करकरत गेली.

हिंदूराव ताठ झाला. ह्या वेळी त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. कोयता टेबलाला टेकून ठेवला होता तो उचलला.

"हे आपसूक जुळायचं न्हाई," तो म्हणाला. "कुणीतरी जुळवलंय. कुणाची अक्कल ही?"

प्रश्न त्यानं दोघांकडं बघून विचारला. माझ्याकडं आणि मनोहरकडं.

काय बोलायचं ते मला त्याच क्षणी सुचलं होतं. आज एवढ्या वर्षांनी सुचतंय असं नाही. मी एवढंच म्हणायचं होतं, हिंदूराव, ही माझी खोडी. दोघांना ठाऊकच नव्हतं, मी मस्करी केली. ते निम्मं खरंही होतं. शालनवरचा आळ गेला असता, मनोहर सुटला असता, आणि कोयता पडला असता तर माझ्यावर पडला असता. मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. ह्या हातानं तो पूल रंगवला होता. मी बोललो नाही.

"माझी," मनोहर म्हणाला.

"काय?"

"अक्कल माझी. तिला काय म्हाईत न्हाई. मामांनी उभं केलं तशी ती उभी राहिली. मी मागनं जाऊन तसाच उभा राहिलो आनि कडा कापल्या. फोटो मीच पोलक्याच्या घडीत घालून दिले. तिनं फेकले न्हाईत एवढाच तिचा गुन्हा." फुटक्या ओठांनी तो हे सगळं सावकाश, कापडाचं माप सांगावं तसं बोलला. "तिला मारू नका. ती माझ्या वाऱ्यालाबी उभी राहिलेली न्हाई. हात धरलाय त्यो कागदावर."

"कुठल्या हातानं?" हिंदूरावानं विचारलं.

मनोहरनं उजवा हात स्वतःहून पाट्यावर ठेवला. मला वाटतं तो विचार करत होता की आपण दिला नाही तर हा घरी जाऊन तिच्याकडून घेईल.

कोयता वर गेला तेव्हा मी डोळे मिटले. आवाज ऊस तोडताना येतो तेवढाच आला. उघडले तेव्हा अंगठ्याशेजारची दोन बोटं आणि तिसऱ्याचं पेर पाट्यावर हिरव्या रंगात पडलं होतं आणि मनोहर हाताकडं असा बघत होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. हिंदूरावानं दोन्ही फोटो चुरगळून तोंडात घातले, चावले आणि थुंकले. माझ्या फाटलेल्या पडद्याला कोयता पुसला.

"शालनला मी काय करत न्हाई," जाताना तो दारात म्हणाला. "पर दोघांतलं कुणी ह्या गावात बोललं, तर करीन."

पडद्याच्या चिंध्या फाडून मनोहरच्या हाताला गुंडाळल्या आणि त्याला पाठुंगळी मारून मी हेर्लेकरांच्या दवाखान्यात पळालो. माझ्या मानेवरून त्याचं रक्त कंबरेपर्यंत येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. मनोहर शुद्धीवर होता. म्हणाला, "गुऱ्हाळावर रस प्यायला गेलतो. चरकात हात गेला."

"चरकात बोट चिरडतं," डॉक्टर म्हणाले. "हे तुटलंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "केरबा, तू होतास तिथं?"

"व्हय," मी म्हणालो. "चरकातच गेला."

इथंही मी खोटंच बोललो, पण ते मनोहरनं सांगितलेलं खोटं होतं, त्याचं मला काही वाटत नाही. पोलीस आले, त्यांनीही तेच लिहून घेतलं. शालनचं लग्न पंधरवड्यात चिकोडीकडं करून दिलं. तिला मारलं नाही, हिंदूरावानं तेवढा शब्द पाळला. ती पुन्हा माहेरी आल्याचं मी कधी ऐकलं नाही. मगदूममामांना मी सांगितलं, पडदा उंदरांनी पार खाल्ला. त्यांनी माझ्याकडून नवा जिना आणि नवा मोर करून घेतला.

मी मनोहरकडं दोन महिने गेलो नाही. जायचं म्हणायचो आणि पाय वळायचा नाही. माझी मीच समजूत घालत होतो. म्हणायचो, मनोहर बोलला तो शालनसाठी बोलला. तो एवढ्या चटकन बोलला की मला संधीच मिळाली नाही. तो बोलला नसता तर मी बोलणारच होतो. रोज झोपताना हे मनाशी म्हणून मी झोपायचो आणि झोप यायची, हेही सांगतो.

गुढीपाडव्याच्या आधी एकदा गेलो. दुकान उघडं होतं. मशीनवर त्याच्या भावकीतला कुणी बसला होता आणि मनोहर खाली सतरंजीवर बसून डाव्या हातानं बटणांची काजं करायला शिकत होता. कापड उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत धरलं होतं. टाके वाकडे पडत होते. तो उसवत होता आणि पुन्हा घालत होता. मला बघून हसला. "ये केरबा. जबडा बरा झाला का?"

मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मशीनवरचा माणूस पान खायला बाहेर गेला तेव्हा मी विचारलं, "मन्या, तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

त्यानं सुई कापडात टोचून ठेवली.

"लगीच कुठं बोललो मी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्यानं विचारल्यावर जरा थांबलो होतो की. तू बोलतोस का बघत होतो."

मग त्यानं मला चहा विचारला. मी हो म्हणालो.